जुन्या हत्यारपेटीसाठी कॅम लॉक: २० मिमीचं घ्या, पण आधी भोक मोजा

पत्र्याच्या जुन्या हत्यारपेटीचं कुलूप गेलं, तर पेटी भंगारात टाकू नका. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं २० मिमी लांबीचं साधं कॅम लॉक (चावी फिरवली की मागची पट्टी, म्हणजे जीभ, फिरून अडकते असं कुलूप) बहुतेक पेट्यांना चालतं. त्याला साधारण १९ मिमीचं भोक लागतं, पण ते पूर्ण गोल नको. कुलपाच्या दोन बाजू सपाट असतात आणि तिथली रुंदी सुमारे १६ मिमी भरते. खरी गडबड इथेच होते: गोल भोकात बसवलं की चावीबरोबर अख्खं कुलूप फिरतं आणि नट सैल पडतो. म्हणून भोक लहान असेल तर सपाट बाजू राखून गोल कानशीने वाढवा. आधीच गोल असेल तर तशाच आकाराचं भोक पाडलेली २ मिमी जाड पट्टी आतून रिव्हेटने ठोका.

जुनी जीभ जपून ठेवा. नवी लांबीला कमी पडली तर तीच चौकोनी भोक जुळवून लावता येते. जीभ धरणाऱ्या स्क्रूखाली स्प्रिंग वायसर हवाच, नाहीतर झाकणाच्या धक्क्यांनी तो सुटतो.

कुलपात तेल घालू नका, धूळ चिकटते. ग्रॅफाइटची पूड घाला. जस्त-मिश्रधातूचं हे कुलूप पेचकसाने उचकटलं तर टिकत नाही. महागड्या हत्यारांसाठी कोयंडा आणि बाहेरचं कुलूपच लावा.