टिनटिनचे दोन इंका भाग: चित्रं अप्रतिम, पण ग्रहणाच्या पानावर मन अडकतं

टिनटिन या तरुण बातमीदाराच्या बेल्जियन कॉमिक्सचे, लहानपणी वाचनालयातून आणून आणून वाचलेले हे दोन भाग, 'द सेव्हन क्रिस्टल बॉल्स' आणि 'प्रिझनर्स ऑफ द सन', या दिवाळीत भाच्यासाठी विकत घेतले, तो दहा वर्षांचा आहे, आणि खरं सांगायचं तर त्याच्या आधी मीच दोन रात्री जागून दोन्ही वाचून काढले. इंग्रजी पेपरबॅक, मोठा आकार, प्रत्येकी 62 पानांची गोष्ट. कागद जाड आणि गुळगुळीत आहे, रंग उठून दिसतात. एका ऑनलाइन विक्रेत्याने दुसऱ्या भागाचा कोपरा दुमडून पाठवला, बदलून मिळायला बारा दिवस लागले, त्यामुळे जमलं तर दुकानात जाऊन हातात घेऊन बघूनच घ्या. अक्षर बारीक आहे, चाळिशी लागलेल्यांनी चष्मा जवळ ठेवा.

गोष्ट थोडक्यात अशी की सात संशोधक पेरूमधून रास्कार कापाक नावाच्या इंका (स्पॅनिश लोक येण्याआधी पेरूवर राज्य करणारे लोक) राजाची ममी युरोपात घेऊन येतात आणि मग एकेक जण गाढ बेशुद्धीत जातो, प्रत्येकाजवळ फुटलेल्या काचेच्या गोळ्याचे तुकडे सापडतात. टिनटिनचे मित्र प्रोफेसर कॅलक्युलस चुकून ममीचं कडं हातात घालतात, त्यांना पळवून नेतात, आणि टिनटिन आणि कॅप्टन हॅडॉक त्यांना शोधत पेरूला पोचतात. पहिला भाग भीतीचा, दुसरा प्रवासाचा.

भीती म्हणजे खरोखरची भीती. वादळी रात्र, धुरांड्यातून आत शिरलेला विजेचा गोळा खोलीभर फिरतो, कॅलक्युलसना खुर्चीसकट उचलतो, आणि सगळं शांत झाल्यावर बघतात तर काचेच्या पेटीतली ममी गायब. त्याच रात्री स्वप्नात ती ममी खिडकीतून आत येते, हातात काचेचा गोळा. ते एक चित्र मी नववीत असताना बघितलं होतं आणि नंतर कितीतरी दिवस खिडकी बंद केल्याशिवाय झोपले नाही, आणि आता भाचाही तेच करतोय.

आता मुद्द्याचं. जुन्या कॉमिक्समध्ये अझ्टेक, माया, इंका हे सगळे एकाच पातेल्यात शिजवलेले असतात, पिसांचा मुकुट, पायऱ्यांचा पिरॅमिड, दगडावर आडवा टाकलेला माणूस आणि सुरी घेतलेला पुजारी, देश कुठला हे विचारायचंच नाही. मेक्सिकोतलं अझ्टेकांचं टेनोच्टिट्लान कुठे आणि अँडीज पर्वतातलं इंकांचं कुस्को कुठे, मधे हजारो किलोमीटर! त्या मानाने टिनटिनचे लेखक-चित्रकार एर्जे यांनी खूप मेहनत घेतलीये. इंकांचे पोशाख काढताना त्यांच्यासमोर शार्ल विनेर यांचं पेरू आणि बोलिव्हियावरचं 1880 चं फ्रेंच पुस्तक होतं, सोबतीला पार्श्वचित्रं काढायला एडगर जेकब्ज होते, आणि ती मेहनत दिसते. सिंहासनाच्या दालनातल्या लोकांच्या अंगावरचे नक्षीचे पट्टे बघा, एकाचं दुसऱ्यासारखं नाही. कॅप्टन आणि लामा या अँडीजमधल्या लोकरीच्या प्राण्याचं भांडण तर आहेच, लामा रागावला की थुंकतो हे आमच्या घरात आता सगळ्यांना पाठ आहे.

हे काम दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं आहे हेही सांगायला पाहिजे. ब्रुसेल्स जर्मनांच्या ताब्यात असताना, डिसेंबर 1943 मध्ये, 'ल स्वार' या पेपरात ही गोष्ट रोज थोडी थोडी यायला लागली, सप्टेंबर 1944 मध्ये शहर सुटलं आणि गोष्ट मधेच थांबली, मग 1946 मध्ये टिनटिनच्याच नावाच्या नव्या साप्ताहिकात पुढे सुरू झाली. पुस्तकं आली 1948 आणि 1949 मध्ये.

पहिल्याच पानावर आगगाडीत शेजारी बसलेला एक प्रवासी टिनटिनला म्हणतो की उद्या इजिप्त किंवा पेरूचे लोक इथे येऊन आपल्या राजांच्या कबरी उकरायला लागले तर आपल्याला कसं वाटेल. पहिलं पान! मी हे लहानपणी वाचून पुढे गेले होते, आता तिथेच थांबले. रायगडावरची महाराजांची समाधी कोणी उकरून पेटीत घालून परदेशात नेली असती तर आपण काय केलं असतं, हा विचार मराठी माणसाच्या मनात आल्याशिवाय राहणारच नाही. म्हणजे लेखकाला प्रश्न कळला होता. पण दुसऱ्या भागाच्या शेवटी टिनटिन इंकांना सांगतो की हे संशोधक तुमच्या संस्कृतीची जगाला ओळख व्हावी म्हणून आले होते, ते लगेच मान्य होतं, संशोधकांवरचा शाप मागे घेतला जातो, आणि नेलेल्या वस्तूंचं काय हे कोणी विचारतच नाही. त्या प्रवाशाचा प्रश्न तसाच लोंबकळत राहतो आणि याचं मला मनापासून वाईट वाटलं.

आणि मग ती चिता. टिनटिन, कॅप्टन आणि कॅलक्युलस यांना जिवंत जाळायची शिक्षा होते. आता खऱ्या इतिहासात काय झालं ते बघा. 16 नोव्हेंबर 1532 ला काहामार्का गावात स्पॅनिश सेनानी पिझारोच्या लोकांनी इंका राजा अताहुआल्पाला पकडलं, खोलीभर सोनं घेतलं तरी सोडलं नाही, आणि 1533 मध्ये त्याला जिवंत जाळायची शिक्षा सुनावली. त्याने बाप्तिस्मा घेतला म्हणून जाळण्याऐवजी गळा आवळून मारलं. इंका आपल्या राजांच्या ममी जपायचे, सणाला बाहेर आणायचे, त्यांना जेवू घालायचे, अशा लोकांना शरीर जळून राख होणं केवढं भयंकर वाटत असेल! जिवंत जाळायची शिक्षा इंका राजाला सुनावली ती स्पॅनिश लोकांनी आणि कॉमिकमध्ये ती इंकांच्या गळ्यात पडली. इंका बळी देत नव्हते असं मी म्हणत नाही, 1999 मध्ये अर्जेंटिनातल्या लुल्लाइलाको शिखरावर, 6700 मीटरच्या वर, तीन मुलांची थंडीत टिकलेली शरीरं सापडली आहेत. पण ती वेगळी गोष्ट आहे, त्यामागची श्रद्धा वेगळी आहे, आणि ती पुस्तकात नाहीच.

शेवटी ग्रहण. टिनटिनला पेपरच्या फाटक्या कपट्यावर सूर्यग्रहणाची बातमी दिसते, तो मरणाची वेळ बरोबर तीच मागून घेतो, सूर्याला हुकूम दिल्यासारखं करतो, अंधार पडतो आणि सूर्याचे भक्त गयावया करायला लागतात. कोलंबसने 1504 मध्ये जमैकात चंद्रग्रहणाची हीच युक्ती केली होती, तेव्हापासून ही गोष्ट फिरतेच आहे.

इथे भाच्याने पुस्तक खाली ठेवलं आणि म्हणाला, "आत्या, आजीला पंचांगात ग्रहण कळतं, मग रोज सूर्याची पूजा करणाऱ्या लोकांना कसं कळत नाही?"

मला इतका आनंद झाला की काय सांगू. दाते पंचांगात स्पर्श, मध्य, मोक्ष मिनिटासकट छापलेले असतात आणि त्याच दिवशी रस्त्यावर 'दे दान सुटे गिराण' अशी हाक येते, आई पाण्यात तुळशीपत्र टाकते. गणित आणि भीती एकाच घरात राहतात, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. इंकाही ग्रहणाला घाबरायचे, आरडाओरडा करायचे असं जुन्या स्पॅनिश बखरींमध्ये आहेच. पण घाबरणं वेगळं आणि परक्या पोराच्या सांगण्यावरून सूर्य विझला असं मानणं वेगळं. कुस्कोभोवतीच्या डोंगरांवर त्यांनी खांब उभारले होते, सूर्य कुठल्या खांबापाशी मावळतो त्यावरून पेरणीचा काळ ठरवायचे. त्यांच्याकडे लिपी नव्हती, गाठी मारलेल्या दोऱ्यांचे क्विपू होते. लिहिलेली ग्रहणं हवी असतील तर ती मायांकडे, त्यांच्या ड्रेस्डेन पोथीत ग्रहणांचं कोष्टकच आहे, 405 चांद्रमासांचं, म्हणजे जवळजवळ 33 वर्षांचं.

आणि एक गोष्ट मला आता या वयात लागली. याच टिनटिनच्या 'सिगार्स ऑफ द फॅरो'मध्ये तो भारतात येतो, तिथे फकीर आहे, महाराजा आहे, आणि गाईला त्रास दिला म्हणून स्नोई कुत्र्याला शंकराच्या देवळात बळी द्यायला नेतात. शंकराला कुत्र्याचा बळी! मी लहानपणी ते पान बघून रडकुंडीला आले होते, आमच्या देवळात असं नसतं म्हणून आईशी भांडले होते. कुस्कोतलं एखादं पोर ग्रहणाचं पान उघडून असंच आपल्या आईकडे जात असणार, आणि मी मात्र इतकी वर्षं ते पान टाळ्या पिटत वाचलं.

तरी झोरिनोबद्दल चांगलं बोललंच पाहिजे. संत्री विकणारा हा लहान मुलगा, दोन दांडगट गोरे त्याला छळतात, टिनटिन मधे पडतो, आणि तिथून पुढे डोंगरातली वाट दाखवणारा तोच. हुआस्कार नावाचा माणूस हे लांबून बघतो, तो शत्रूच्या बाजूचा असूनही टिनटिनला एक पदक देतो की हे तुला वाचवेल, आणि टिनटिन ते झोरिनोला देऊन टाकतो. अख्ख्या पुस्तकात माणसं एकमेकांना माणूस म्हणून बघतात ती हीच पानं, आणि मला ती सगळ्यात जास्त आवडतात.

तुलनेसाठी कार्ल बार्क्स यांची 1949 चीच डोनाल्ड डकची 'लॉस्ट इन द अँडीज' पण वाचून घ्या. चौकोनी अंड्यांच्या शोधात डोनाल्ड आणि पुतणे धुक्यातल्या एका गावात पोचतात, तिथली माणसं चौकोनी, प्रेमळ, आणि गोल वस्तू बनवणं हा तिथे गुन्हा. फुगा फुगवला म्हणून शिक्षा! त्यातले लोक इंका म्हणून काढलेलेच नाहीत, त्यामुळे कोणाच्या इतिहासावर काही लादलं जात नाही आणि हसू निखळ येतं.

माझ्याकडून चित्रांना पाचपैकी पाच, गोष्टीला चार, इंकांना दिलेल्या वागणुकीला अडीच. नऊ-दहा वर्षांच्या पुढच्या मुलांना जरूर द्या, पण पहिल्यांदा शेजारी बसून वाचा, ग्रहणाच्या पानावर थांबा आणि त्यांना काय वाटतं ते विचारा. दोन्ही भाग एकदमच घ्या, पहिला भाग पेरूच्या वाटेवरच संपतो, आणि आमच्याकडे दुसरा बदलून येईपर्यंत ते बारा दिवस फार जड गेले.