कलिना कॅम्पसवर एमए करावं का? चार स्टार देते, पाचवा का नाही तेही सांगते

आधी एक गोष्ट क्लिअर करू. 'मी मुंबई युनिव्हर्सिटीचा ग्रॅज्युएट' म्हणणाऱ्या बहुतेकांनी युनिव्हर्सिटीत पाऊलसुद्धा ठेवलेलं नसतं. ते शिकलेले असतात डोंबिवलीच्या नाहीतर वसईच्या नाहीतर थेट चिपळूण-कणकवलीच्या कॉलेजात, आणि युनिव्हर्सिटी म्हणजे त्यांच्यासाठी हॉलतिकीट आणि मार्कशीटवरचा शिक्का. मुंबईपासून पार सिंधुदुर्गपर्यंतची आठशेच्या वर कॉलेजं एकाच युनिव्हर्सिटीला जोडलेली आहेत, आता बोला. त्यामुळे बीए-बीकॉम कसं आहे हे मला विचारू नका, ते तुमचं कॉलेज कसं आहे त्यावर. त्यातही काही कॉलेजं ऑटोनॉमस झालीयत, सिलॅबस त्यांचा, पेपर त्यांचा, डिग्रीवर नाव फक्त युनिव्हर्सिटीचं. आणि केसी, एचआरसारखी काही तर वेगळ्या युनिव्हर्सिटीतच गेलीयत. मी लिहितेय ते सांताक्रूझ ईस्टला कलिना कॅम्पसवर जाऊन, डिपार्टमेंटच्या वर्गात बसून एमए करण्याबद्दल.

मी सोशिऑलॉजी केलं. घरी सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न होता, 'म्हणजे करणार काय पुढे?' दुसरा प्रश्न फीचा. दुसऱ्याचं उत्तर ऐकल्यावर पहिला आपोआप बंद झाला हे मात्र खरं. मुंबईतल्या प्रायव्हेट युनिव्हर्सिट्यांचे फी स्ट्रक्चर उघडून बघा आणि मग इथलं बघा, हसायला येईल. रिझर्व्हेशन किंवा ईबीसीमध्ये (आर्थिकदृष्ट्या मागास) बसत असाल तर महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या स्कॉलरशिपच्या वेबसाइटवर, फॉर्म भरा, कंटाळा करू नका, आणि भरल्यावर आधार बँकेला लिंक आहे ना ते चेक करा, पैसे तिथेच अडकतात.

आता शिकवणं. ज्यांना कोचिंग क्लासची सवय आहे, म्हणजे नोट्स हातात, आयएमपी क्वेश्चन फळ्यावर, त्यांना पहिले काही आठवडे गरगरेल. इथे ताट वाढून मिळत नाही. सर येतात, तासभर बोलतात, जाताना पाच-सहा नावं सांगतात, वाचून या म्हणतात. ती नावं कुठे मिळतात, कुठला चॅप्टर, परीक्षेला येणार का, हे तुम्ही शोधायचं. पण एकदा ती सवय लागली ना की मजा यायला लागते, कारण विचारायला गेलं की दारं उघडी असतात. लेक्चरनंतर केबिनमध्ये जाऊन 'सर हे कळलं नाही' म्हटलं की बसवून समजावतात, कधीकधी पुढचा तास तिथेच होतो. जो विचारतो त्याला भरपूर मिळतं, जो गप्प बसतो तो दोन वर्षांनी गप्पच बाहेर पडतो. माझ्या मते अख्ख्या कॅम्पसचं हेच आहे, सगळं आहे पण आपण जाऊन घ्यायचं.

आणि डिपार्टमेंट साधंसुधं नाहीये हो. 1919 साली सुरू झालं, देशातलं सोशिऑलॉजीचं पहिलं डिपार्टमेंट म्हणून ओळखतात, पहिले प्रोफेसर पॅट्रिक गेडिस, ते मूळचे बायोलॉजीवाले, पण नाव कमावलं टाउन प्लॅनिंगमध्ये. त्यांच्यानंतर घुर्ये, आपले मालवणचे. घुर्यांच्या हाताखाली इरावती कर्वे शिकल्या, एम. एन. श्रीनिवास शिकले, ए. आर. देसाई शिकले. म्हणजे पुस्तकात ज्यांची नावं पाठ करायची ते सगळे याच डिपार्टमेंटचे सीनियर. फर्स्ट सेमला मला हे ऐकून काही वाटलं नव्हतं, थर्ड सेमला घुर्ये विरुद्ध आंबेडकर असा वर्गात जोरदार वाद झाला, जात कुठून आली यावरून, तेव्हा जाणवलं की आपण ज्या भांडणात उतरलोय ते जवळपास शंभर वर्षं चालू आहे. रानडे भवनसमोरून रोज जायचो, पण रानडे म्हणजे 1862 ला या युनिव्हर्सिटीतून बीए झालेल्या पहिल्या बॅचमधले, हे वर्गात कितीजणांना माहीत होतं देव जाणे.

भाषेचं लोक फार विचारतात, म्हणून थोडं सविस्तर. वाचायचं जवळजवळ सगळं इंग्रजीत. ज्यांचं बीए मराठी मीडियममधून झालंय त्यांची सुरुवातीला दांडी उडते, खोटं कशाला बोला. आमच्या ग्रुपमध्ये दापोलीचा एकजण होता, तो झेरॉक्स काढलेल्या चॅप्टरच्या मार्जिनमध्ये पेन्सिलीने मराठीत अर्थ लिहायचा. बारीक, सुबक अक्षर, जिथे लेखक फारच गोल गोल बोलतोय तिथे 'इथे काही नवीन नाही, पुढे जा' असा शेरापण मारायचा. तीच प्रत मग आख्ख्या ग्रुपमध्ये फिरायची, तिची परत झेरॉक्स, त्या झेरॉक्सची परत झेरॉक्स, शेवटी शेवटी छापलेलं फिकट व्हायचं आणि त्याची पेन्सिल तर दिसायचीच नाही, मग कोणीतरी ती पेनने गिरवायचं. साऊथ बॉम्बेच्या कॉन्व्हेंटवाल्या मुलीसुद्धा ती प्रत मागायच्या, कारण फुको या फ्रेंच विचारवंताचं जे काही चाललेलं असतं ते इंग्रजीत त्यांनापण कळत नव्हतं. तर घाबरू नका, फक्त ग्रुप बनवा. एकट्याने हे होत नाही.

आणि माणसं! हा पॉइंट मी कुठल्याच रिव्ह्यूमध्ये वाचला नाही म्हणून लिहिते. एका बाकावर जव्हारची मुलगी, तिच्या शेजारी मालाडचा मुलगा, मागे नोकरी सोडून परत शिकायला आलेल्या चाळिशीच्या ताई, बाजूला युपीएससीची तयारी करणारे दोघं ज्यांना मुळात ऑप्शनल म्हणून सोशिऑलॉजी हवंय. गणपतीत अर्धा वर्ग गायब, विचारलंत तर 'गावी'. येताना मात्र डबे भरून मोदक. वर्गात स्थलांतर हा टॉपिक आला की सरांनी उदाहरण शोधायची गरज नाही, हात वर करणारे दहाजण. हे पैसे देऊन मिळत नाही, आणि महागड्या कॅम्पसवर तर अजिबातच मिळत नाही.

कॅम्पस मोठा आहे, दोनशे एकरांच्या वर, झाडं भरपूर, एका टोकाचं डिपार्टमेंट ते दुसऱ्या टोकाची लायब्ररी म्हणजे दुपारच्या उन्हात चांगलीच तंगडतोड. मधूनच विमानाचा आवाज येतो, एअरपोर्ट जवळच, सर वाक्य अर्धवट सोडून थांबतात आणि विमान गेलं की बरोबर तिथूनच सुरू करतात. खाण्याचं फार काही सांगण्यासारखं नाही, चहा मिळतो, पोट भरतं, स्वस्त आहे. जवाहरलाल नेहरू लायब्ररी मात्र फुल मार्क्स. जुने जर्नल्स, जुने थिसिस, जे नेटवर पैसे भरल्याशिवाय उघडत नाही ते इथे कपाटात धूळ खात पडलेलं असतं. काउंटरवर नीट नाव-वर्ष लिहून चिठ्ठी दिली तर काम होतं, 'ते जातीवरचं निळं पुस्तक' असं सांगितलं तर होत नाही.

फोर्टला पण जा. कलिनात शिकणारे बरेचजण दोन वर्षांत एकदाही फोर्ट कॅम्पसला जात नाहीत, हा शुद्ध करंटेपणा. राजाबाई टॉवर 280 फूट, 1878 ला पूर्ण झाला, पैसे दिले प्रेमचंद रायचंद यांनी आणि नाव दिलं आईचं. डिझाइन गिल्बर्ट स्कॉटचं. आई जैन, सूर्यास्ताआधी जेवायची, डोळ्यांनी दिसायचं नाही, म्हणून टोल ऐकून वेळ कळावी अशी गोष्ट सांगतात. खाली युनिव्हर्सिटीची लायब्ररी आहे, रंगीत काचांमधून येणारा उजेड पुस्तकावर पडतो आणि वाचन बाजूलाच राहतं. टॉवरवर वर पश्चिम भारतातल्या वेगवेगळ्या जातीजमातींचे पुतळे आहेत, पगड्या आणि पेहराव नीट बघा. सोशिऑलॉजीवाल्यांसाठी तर ती इंग्रजांनी दगडात मांडलेली यादीच आहे, कोणाला घेतलं आणि कोणाला नाही यावर एक असाइनमेंट आरामात होईल.

आता पाचवा स्टार. तो परीक्षा विभागाचा. 2017 ला काय झालं ते ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी, सगळ्या उत्तरपत्रिका स्कॅन करून स्क्रीनवर तपासायचं ठरलं, ऐनवेळी, पुरेशी तयारी नसताना. लाखो उत्तरपत्रिका. राज्यपालांनी 31 जुलैची डेडलाइन दिली, ती हुकली, लॉ आणि कॉमर्सची पोरं रिझल्टशिवाय लटकली, बाहेरच्या अॅडमिशनच्या तारखा निघून गेल्या, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंनाच पदावरून काढलं. स्क्रीनवर तपासणं ही आयडिया वाईट नव्हती असं माझं आजही मत आहे, पेपर गहाळ होत नाहीत, टोटल चुकत नाही. पण एवढ्या कॉलेजांची, एवढ्या विषयांची परीक्षा एकाच ठिकाणाहून घ्यायची म्हटलं की कुठलीही आयडिया वाकते. डिपार्टमेंटच्या एमएला तेवढा धक्का बसत नाही, मुलं कमी असतात, तरी रिझल्टची तारीख धरून फॉरेनच्या अॅडमिशनचं किंवा नोकरीच्या जॉइनिंगचं प्लॅनिंग करू नका, हातात मार्जिन ठेवा. मार्क पटले नाहीत तर आधी उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवा, ती कोणाला तरी दाखवा आणि मगच रिव्हॅल्युएशनला टाका, डायरेक्ट पैसे घालवू नका. केटी लागली, म्हणजे एखादा विषय राहिला, तर जग बुडत नाही, पुढच्या सेमला बसता येतं, फक्त फॉर्मची तारीख स्वतः बघत राहा, कोणी फोन करून सांगणार नाही. पावसाळ्यात पेपर असेल तर सकाळी नोटीस चेक करूनच घर सोडा, मुंबई तुंबली की पेपर पुढे जातात.

कागदपत्रांचं एक सांगते, पण हे युनिव्हर्सिटीचं नाही, माझ्या पदवीच्या कॉलेजचं आहे, नाव घेत नाही. मार्कशीटवर आईच्या नावाचं स्पेलिंग चुकलं होतं, एक अक्षर गायब. आईचं नाव मार्कशीटवर येतं हीच मुळात स्नेहलता देशमुख कुलगुरू होत्या तेव्हाची देणगी, त्यामुळे मला ते चुकलेलं जास्तच टोचलं. ऑफिसच्या खिडकीत गेले तर मॅडम म्हणाल्या, 'तुम्हीच फॉर्ममध्ये तसं भरलं असेल.' मी भरलेल्या फॉर्मची प्रिंट पुढे केली. त्यांनी ती बघितली, उलटी करून मागची कोरी बाजूपण बघितली, आणि म्हणाल्या, 'यावर आमचा स्टॅम्प नाहीये.' स्टॅम्प कोण मारणार? 'बाजूची खिडकी.' बाजूची खिडकी जेवायला गेलेली. शेवटी तिथल्या शिपाई काकांनीच मार्ग काढला, 'ताई, एक साधा अर्ज लिहा, दोन प्रती, एकीवर इनवर्ड नंबर, म्हणजे अर्ज मिळाल्याचा नोंद नंबर, घ्या, मग बघा कसे करत नाहीत.' इनवर्ड नंबर घेतला आणि काम पुढे सरकलं. तर एमएची अॅडमिशन घ्यायच्या आधी पदवीच्या सगळ्या मार्कशीट, एलसी, कास्ट सर्टिफिकेट यावरची नावं एकमेकांशी जुळतात का ते बघून घ्या, आणि जिथे कुठे अर्ज द्याल तिथे इनवर्ड नंबरशिवाय खिडकी सोडू नका. दुसऱ्या युनिव्हर्सिटीतून येत असाल तर मायग्रेशन आणि एलिजिबिलिटीचं आधीच बघा.

कोणी येऊ नये? ज्याला प्लेसमेंट पाहिजे त्याने. कंपन्या रांग लावून उभ्या आहेत असं निदान आर्ट्सच्या एमएला नसतं. ज्याला कोणीतरी रोज ढकलत राहिलं तरच अभ्यास होतो त्यानेही नको. नोकरी करून करायचं असेल तर त्याच कॅम्पसवर डिस्टन्सची सोय आहे, लोक अजून आयडॉलच म्हणतात, 1971 पासून चालू आहे, पण तिथे मी वर सांगितलेली पेन्सिलवाली झेरॉक्स मिळणार नाही, आणि माझ्यासाठी अर्धं शिक्षण तेच होतं.

प्रवासाचं शेवटी. वेस्टर्नवाल्यांना सांताक्रूझ ईस्टवरून बस किंवा रिक्षा. सेंट्रलवाल्यांनी दादरला उतरून लाइन बदलायच्या भानगडीत पडू नका, कुर्ला वेस्टवरून सीएसटी रोडने जाणारी बस धरा, बीकेसीच्या ऑफिसवाल्यांची गर्दी असते पण पोचता येतं. कन्सेशनचा फॉर्म अॅडमिशन झाल्या झाल्या मागा आणि तीन महिन्यांचाच पास काढा, दर महिन्याला कोण रांगेत उभं राहणार. परतीच्या वेळी सहा ते आठ कुर्ल्याला बदलापूर लोकल पकडायच्या फंदात पडू नका, लेडीज डब्याच्या दारात पाय ठेवायलासुद्धा जागा नसते, त्यापेक्षा लायब्ररीतच बसून दोन चॅप्टर संपवा.