कॅननची ८५ एमएम एफ/१.८ लेन्स आणि तीन वर्षांची लेक : आठ महिन्यांच्या वापरानंतर

कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ एमएम ही झूम लेन्स वाईट आहे असे मला अजूनही वाटत नाही. दिवसाउजेडी ती चोख काम करते. मात्र ५५ एमएमवर तिचे अ‍ॅपर्चर एफ/५.६ पेक्षा अधिक उघडत नाही (अ‍ॅपर्चर म्हणजे उजेड आत सोडणारे छिद्र, एफचा आकडा जितका लहान तितके ते मोठे), आणि आमच्या डोंबिवलीच्या घरात संध्याकाळी ट्यूबलाइट लागल्यावर तेवढ्या उजेडात तीन वर्षांच्या मुलीचा न हललेला फोटो मिळणे हा निव्वळ योगायोग असतो. एफ/१.८ ला सेन्सरवर त्याच्या नऊ-दहा पट उजेड पडतो. केवळ या एका हिशेबावर मी गेल्या नोव्हेंबरमध्ये, दिवाळीचा खर्च उरकल्यावर, कॅननची ईएफ ८५ एमएम एफ/१.८ यूएसएम ही लेन्स सेकंडहँड घेतली. कॅमेरा ईओएस २००डी आहे.

ही लेन्स १९९२ साली बाजारात आली, त्यामुळे वापरलेले नग सहज मिळतात. पण ते नीट पारखून घ्यावे लागतात. मला दाखवलेल्या पहिल्या नगात मोबाइलचा टॉर्च एका बाजूने धरल्यावर कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले. ती बुरशी होती, आणि विक्रेता मात्र तिला धूळ म्हणत होता. धूळ फोटोत सहसा दिसत नाही, बुरशी काचेवरचा लेप खाते. तेव्हा हा फरक डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. दुसरा नग स्वच्छ निघाला. वजन ४२५ ग्रॅम, फिल्टरचा व्यास ५८ एमएम. हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावर बसणारी नळी, मूळ खोक्यात येतच नाही, तो मी वेगळा घेतला. उन्हापासून बचाव हे त्याचे पुस्तकी काम असले, तरी आमच्याकडे तो बेसनाच्या लाडवाची बोटे काचेपासून दूर ठेवण्याच्या कामी येतो.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे अंतर. या लेन्सला झूम नाही. २००डीचा सेन्सर फुल फ्रेमपेक्षा, म्हणजे जुन्या ३५ एमएम फिल्मएवढ्या सेन्सरपेक्षा, लहान असल्याने त्यावर ८५ एमएमची चौकट फुल फ्रेमवरच्या सुमारे १३६ एमएमइतकी अरुंद दिसते. माझी लेक साधारण सव्वातीन फूट उंच आहे. डोक्यावर आणि पायाखाली थोडी मोकळी जागा ठेवून तिला उभ्या चौकटीत पूर्ण बसवायचे, तर मला चौदा-पंधरा फूट मागे जावे लागते. आमचा हॉल लांबीला चौदा फूट आहे, आणि त्यात सोफा, दिवाण व तिची तीनचाकी हे कायमचे रहिवासी आहेत. म्हणजे पूर्णाकृती फोटोसाठी मी स्वयंपाकघराच्या ओट्याला पाठ लावून उभी आणि ती गॅलरीच्या दाराशी, अशी एकच जागा घरात उरते. ५० एमएम लेन्सला हेच काम साडेआठ फुटांत होते. लेन्स घेण्यापूर्वी हा हिशेब मी मोजपट्टी घेऊन केला असता तर बरे झाले असते. तो मी नंतर केला.

उलट टोकालाही अडचण आहेच. ही लेन्स ८५ सेंटिमीटरपेक्षा जवळ फोकस करत नाही, आणि हाक मारली की आमचे रत्न थेट लेन्सला नाक लावायला धावत येते. त्या शेवटच्या पावणेतीन फुटांत लेन्स नुसती पुढेमागे चाचपडत राहते. तळहातावरचा मेंदीचा ठिपका किंवा चिमुकली नखे असे जवळचे फोटो हवे असतील, तर ही लेन्स त्यासाठी नाही.

मात्र ज्या अंतराने सुरुवातीला मला वैताग आणला, त्याच अंतराने चांगले फोटोही दिले, हे मान्य केले पाहिजे. हातभर अंतरावरून मोबाइलने काढलेल्या फोटोत मुलांचे नाक फुगलेले आणि कान मागे गेलेले दिसतात. याचा दोष आपण लेन्सला देतो, पण चेहऱ्याची ठेवण बदलते ती अंतरामुळे. नाक कॅमेऱ्याच्या फारच जवळ आणि कान त्या मानाने बरेच लांब, असे झाले की प्रमाण बिघडते. सात-आठ फुटांवरून तो फरक नगण्य होतो आणि चेहरा आपल्याला रोज दिसतो तसाच उतरतो. ८५ एमएम एवढेच करते की तेवढ्या लांबूनही चेहरा चौकटीत पुरेसा मोठा येतो. शिवाय सात-आठ फुटांवरच्या आईकडे मुलांचे लक्ष नसते. फेब्रुवारीतल्या एका रविवारी ती आजीजवळ बसून मटार सोलत होती. शेंग दाताने उघडायची, दाणे मोजायचे, पाचानंतर एकदम आठ म्हणायचे आणि मोजलेले सगळे तोंडात टाकायचे, असा कार्यक्रम होता. मी स्वयंपाकघराच्या दारातून वीसएक फोटो काढले आणि तिने एकदाही वर पाहिले नाही. त्यातल्या एकात खालच्या ओठाला चिकटलेले हिरवे साल आणि खाली झुकलेल्या पापण्या स्पष्ट आहेत, आणि मागचे टीव्हीचे कपाट, वायरी, इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग हे सारे विरघळून गेले आहे. लहान घरात पार्श्वभूमी आवरण्याचा याहून सोपा उपाय मला माहीत नाही.

पापण्या स्पष्ट येणे ही मात्र आपोआप घडणारी गोष्ट नव्हे. पाच फुटांवरून एफ/१.८ ला जेमतेम दोन सेंटिमीटर खोलीचा भाग फोकसमध्ये असतो. पहिल्या महिन्यात माझे दहातले सहा-सात फोटो वाया गेले, आणि कित्येकांत डोळ्यांऐवजी कपाळावर आलेल्या बटा धारदार होत्या. चूक माझी होती. मधल्या बिंदूने डोळ्यावर फोकस करून मग चौकट सरकवायची ही माझी जुनी सवय एफ/५.६ ला खपून जात होती. येथे चौकट सरकवताना मान इंचभर हलली तरी फोकस गेला. २००डीच्या व्ह्यूफाइंडरमध्ये नऊच फोकस बिंदू आहेत, त्यामुळे आता मी डोळ्याच्या सर्वांत जवळचा बाजूचा बिंदू आधीच निवडून ठेवते, किंवा ती एका जागी बसलेली असेल तर लाइव्ह व्ह्यूमध्ये स्क्रीनवर तिच्या डोळ्यावर बोट टेकवते. अ‍ॅपर्चर सहसा एफ/२.८ ठेवते, फोकसची खोली तीन सेंटिमीटरच्या आसपास जाते आणि पार्श्वभूमी तरीही पुरेशी मऊ राहते. आजी आणि नात एकत्र असतील तर एफ/४ किंवा त्याहून पुढे, आणि दोघींचे चेहरे शक्यतो एका रेषेत. फोकसची मोटर आवाज करत नाही. झोपलेल्या मुलीचा फोटो काढणाऱ्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताचा कंप सावरण्याची सोय, नाही. एवढ्या अरुंद चौकटीला हाताचा कंप टाळण्यासाठीच शटरचा वेग १/१६० सेकंद लागतो, आणि मूल हलणार हे गृहीत धरले तर १/२५० च्या खाली मी जात नाही. संध्याकाळी हॉलमध्ये त्यासाठी आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) १६०० किंवा ३२०० पर्यंत चढवावा लागतो. एक बारकावा असा की, आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने जुन्या पद्धतीची ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा कमी-अधिक होते, त्यामुळे १/२५० ला लागोपाठ काढलेल्या फोटोंत एक उजळ आणि दुसरा पिवळट काळपट येऊ शकतो. मी बरेच दिवस कॅमेऱ्यावर संशय घेत होते.

जानेवारीत बोरन्हाण झाले. काळे परकर-पोलके, त्यावर पांढऱ्याशुभ्र हलव्याचे दागिने, आणि पाटामागे उघडी खिडकी. एफ/१.८ ला काढलेल्या पहिल्या काही फोटोंत हलव्याच्या प्रत्येक दाण्याला जांभळी कड आली. लेन्सच्या या जुन्या आराखड्याची ही मर्यादा सर्वांना माहीत आहे: पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला गडद आणि अतिउजळ यांच्या सीमेवर तो रंग दिसतो, आणि काळ्यावर पांढरा हलवा व मागून उजेड ही तर त्याला आमंत्रणपत्रिकाच झाली. एफ/२.८ ला कड बरीच कमी झाली आणि उरलेली संगणकावर काढता आली. त्यानंतर चुरमुरे, बोरे, गोळ्या ओतल्या गेल्या, बिल्डिंगमधली नऊ-दहा मुले तुटून पडली, आणि ८५ एमएममध्ये मला कोणाचा तरी कोपर आणि अर्धा कान दिसू लागला. मी मुकाट्याने १८-५५ चढवली.

जूनपासून लेन्स झाकणाच्या हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत राहते. बुरशीची धास्ती पहिल्याच दिवशी बसली होती. पुड्या रंग बदलणाऱ्या घ्याव्यात, म्हणजे केव्हा बदलायच्या ते कळते. लेन्सला पाण्यापासून संरक्षण नाही, तेव्हा गच्चीवरच्या पावसाचे फोटो मी जिन्याच्या दारात, छपराखाली उभी राहून काढते. तेथे मात्र वीस फूट अंतर विनासायास मिळते.

ज्यांच्या घरात पंधरा फुटांची सरळ रेषा नाही आणि ज्यांचे मूल अजून रांगते आहे, त्यांनी आधी ५० एमएम एफ/१.८ घ्यावी. ती ३५ सेंटिमीटरपर्यंत जवळ फोकस करते आणि तिचे वजन अवघे १६० ग्रॅम आहे. कॅननचा आरएफ माउंटचा मिररलेस (आत आरसा नसलेला, नव्या पद्धतीचा) कॅमेरा असेल तर ही लेन्स अ‍ॅडॅप्टरने लागते, पण त्या कॅमेऱ्यांसाठीच्या आरएफ ८५ एमएम एफ/२ मध्ये स्टॅबिलायझेशनही आहे आणि ती जवळही जाते. मी माझी विकणार नाही. पुढच्या महिन्यात लेकीची बालवाडीची पहिली सहल बागेत जाणार आहे, आणि पालकांनी लांबच थांबावे असे बाईंनी आधीच बजावले आहे.