सरपणाची रास कोसळली: परत हाताने रचायची की लोखंडी स्टँड करून घ्यायचा?

गावठाणात ज्यांच्या घरी अजून चूल पेटते त्यांना हा प्रश्न आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, नाहीतर भर पावसात पडतोच. आमच्या नवी मुंबईतल्या घणसोलीच्या घरात गॅस आहेच, पण आंघोळीचं पाणी, तांदळाच्या भाकऱ्या आणि लग्नातल्या हळदीचं जेवण चुलीवरच होतं, त्यामुळे लाकूडफाटा लागतो, आणि भिंतीला लावलेली रास कधीतरी खाली येते. आली की घरात दोन मतं. एक म्हणतं परत नीट रचा, दुसरं म्हणतं एकदाचा अँगलचा, म्हणजे एल आकाराच्या लोखंडी पट्ट्यांचा, स्टँड करून टाका. दोन्ही वापरून झालंय म्हणून लिहितोय. ढीग तसाच ठेवून वर निळी ताडपत्री गुंडाळायची हा तिसरा प्रकार सोडूनच द्या, आत वाफ कोंडते आणि खालची लाकडं गणपतीपर्यंत बुरशी धरतात.

काहीही ठरवलं तरी पडलेलं आधी उचलावं लागतं, आणि तिथे घाई नको. पायात बूट, हातात काठी, वरून आणि कडेने एकेक लाकूड बाजूला करत जायचं, ढिगाच्या पोटात हात घालायचा नाही. आपल्याकडे फुरसं, घोणस, मण्यार, नाग चारही आहेत आणि पावसात कोरडी फट दिसली की तिथेच शिरतात, विंचू तर धरूनच चाला. साप दिसला तर काम थांबवून वनखात्याच्या १९२६ नंबरला फोन करा. उचलतानाच तीन वाटण्या करायच्या: सरळ जाड लाकडं, वाकडीतिकडी, आणि काटक्या. हे आत्ता नाही केलं तर पुढे रचताना डोकं फिरतं.

पडण्याचं कारण पण बघून घ्या. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या जवळजवळ निम्मं पाणी असू शकतं, ते सुकताना लांबीत फारसं घटत नाही पण जाडीत घटतं. ज्या बाजूला ऊन-वारा लागतो ती बाजू आधी आणि जास्त बसते, भिंतीकडची ओलीच राहते, मग सगळी रास हळूहळू पुढे झुकते, आणि खालची माती पागोळ्यांनी मऊ झाली की संपलंच. म्हणजे रचणाऱ्याचा हात वाईट होता असं दरवेळी नसतं.

आता स्टँड. त्याचं चांगलं आधी सांगतो. दोन्ही टोकं पक्की राहतात, बोळात लाकडं घरंगळत नाहीत, जमिनीपासून उंच असल्यामुळे वाळवी उशिरा लागते. फॅब्रिकेटर किलोवर पैसे घेतो त्यामुळे जाड अँगल सांगताना जरा विचार करा, आणि खाडीची हवा आहे, गंज रोखणारा रेड ऑक्साइड रंग मारला तरी जोडाच्या जागी गंज धरतोच, पण दरवर्षी हात फिरवला तर चालतं. इथपर्यंत माझी काहीच तक्रार नाही.

माझं बिनसलं ते लाकूड काढताना. आपल्याला मिळणारं लाकूड म्हणजे वखारीतली फोडलेली बाभूळ कमी आणि छाटणीच्या, वादळाच्या फांद्या जास्त. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ आलं तेव्हा आमच्याकडे जे आलं ते सगळं असंच, गुलमोहर, पर्जन्यवृक्ष, आंबा, प्रत्येक फांदीला दोन बेचकी. अशा फांद्या दोन खांबांच्या मध्ये दाबून भरल्या की एकमेकींत अडकतात. सकाळी आई भाकरीसाठी दोन लाकडं घ्यायला जाते, एक ओढते, ते हलत नाही, जोर लावला की बेचक्यात अडकलेली अजून तीन सोबत येतात आणि एखादं पायावर. स्टँड जागचा हलत नाही हे खरं, पण आतलं पोट पुढे येतंच, कारण खांब फक्त टोकं धरतात, समोरची बाजू मोकळीच असते. आम्ही पुढून एक आडवी पट्टी वेल्ड करून घेतली, तर पोट थांबलं पण लाकूड काढणं अजूनच अवघड झालं. रचणं वर्षातून एकदा असतं, काढणं रोज सकाळी, आणि ते करणारा माणूस बहुतेक घरातला सगळ्यात वयस्कर असतो. माझ्यासाठी गोष्ट तिथेच ठरली.

हाताने रचायचं तर एक लांब उंच रास नको, दोन बुटक्या करा, कंबरेच्या वर नाही. खाली विटांवर दोन वासे, किंवा रबाळे एमआयडीसीकडून भंगारात पॅलेट, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटी, मिळतात ते. पॅलेटवर एमबी (MB) असा शिक्का असेल तर ते पॅलेट कधीच चुलीत घालू नका, त्याला मिथाइल ब्रोमाइडचं औषध मारलेलं असतं. दोन्ही टोकांना सरळ जाड लाकडांची चौकट, एक थर आडवा, एक उभा. मधे वाकडी, बेचकं वरच्या बाजूला येईल अशी. भिंतीपासून वीतभर अंतर ठेवा आणि किंचित मागे कलती रचा, पुढे सुकून बसली तरी उभी राहते. वर पत्रा, बाजू उघड्या. एक रास वापरात, दुसरी सुकत, आणि काढायचं नेहमी वरूनच. मेहनत आहे, कंबर धरते, पाऊस सुरू व्हायच्या आधी एकदा हलवून बघावं लागतं, पण आई एका हाताने लाकूड उचलते.

तुमचं वेगळं असू शकतं. वखारीतून एका मापाचं फोडलेलं लाकूड घेत असाल, किंवा रास अगदी रस्त्याला लागून असेल आणि पोरं तिथे खेळत असतील तर स्टँडच बरा, त्यात वाद नाही. फक्त करून घेताना पुढची पट्टी बोल्टची, काढता येईल अशी सांगा, वेल्ड करू देऊ नका, आणि खालचे पाय इतके उंच ठेवा की साल-भुसा झाडायला झाडू आत जाईल.