मोपा (गोवा) ते जळगाव विमानाने: साईटवर पाऊण तास, घरून निघाल्यापासून सहा

दादाच्या नातीचं बारसं होतं म्हणून फोंड्याहून जळगावला जायचं होतं. मागच्या खेपेला गोवा एक्स्प्रेसने भुसावळपर्यंत गेलेलो, अख्खी रात्र गाडीत आणि कंबरेचे पार बारा वाजले, त्यामुळे ह्यांनी यावेळी सरळ विमानच काढलं.

बुकिंगआधी अंतर दाखवणाऱ्या एका साईटवर बघितलं तर सरळ रेषेत ६०० किमीच्या आसपास आणि वेळ म्हणे पाऊण तास! तिकिटावर मात्र दीड तासाच्या वर. हे म्हणाले मध्ये कुठे थांबतंय की काय. तसं काही नाही हो, त्या साईटी मोठ्या जेटचा ताशी ८०० वगैरे स्पीड धरून भागाकार करतात, या रूटला आम्हाला मिळालं ते एटीआर ७२, पंख्याचं, सत्तरेक सीटचं, ते जातं ५०० च्या आसपास, आणि वर रनवेपर्यंत सरकत जाणं, चढणं, उतरणं वेगळंच. म्हणजे तिकिटावरचा वेळच खरा.

आता खरी मजा जमिनीवरची. मोपाचं विमानतळ गोव्याच्या उत्तरेला पेडण्यात, पठारावर. फोंड्याहून म्हापसा, कोलवाळ, धारगळ करत दीड तास धरायचाच, गोव्याचं दुसरं विमानतळ दाबोळी आम्हाला त्यापेक्षा जवळ पडतं पण हे विमान तिथून नाही. टॅक्सीवाल्याने ठरल्यापेक्षा पाचशे जास्त मागितले, त्यावरून त्या टॅक्सीवाल्या पात्रांवशी माझी जी जुंपली ती ह्यांना विचारा. पणजीहून कदंबची (गोव्याची एसटी) बस आहे, एकटं असाल तर ती बरी.

माझी एक चूक सांगते. लवकर उतरायला मिळेल म्हणून हौसेने पहिल्या रांगेची सीट घेतली. एटीआरला चढायचं-उतरायचं मागच्या दाराने! पुढे सामानाचा कप्पा असतो. सगळे उतरले आणि आम्ही शेवटी, वर पंख्याची घरघर पुढच्या बाजूलाच जास्त. मागची सीट घ्या. पण पंख वरच्या बाजूला असल्यामुळे खिडकीतून खालचं स्वच्छ दिसतं, उजव्या बाजूला एकदम मोठं पाणी आलं तर शेजारचे काका म्हणाले जायकवाडी, आणि मग पैठणच्या त्यांच्या साडूची सगळी कथा ऐकली.

जळगावचं विमानतळ एवढुसं. उतरलो ते चालत बाहेर, बॅग लगेच, पंधरा मिनिटांत दादाच्या घरी. तिकडचा हा फायदा कुठल्याच साईटवर दिसत नाही. घर ते घर सहा तास लागले, तरी रेल्वेच्या मानाने काहीच नाही.

येताना वहिनीने भरताची वांगी दिली, चांगली चार किलो, हँडबॅगेत सात किलोचं लिमिट आणि वरचा कप्पा छोटा, बॅग जाईना. शेवटी वांग्यांची पिशवी सीटखाली पायाशी घेऊन बसले. पाचपैकी चार स्टार. आणि तारीख नक्की करण्याआधी विमान कुठल्या वारी आहे ते बघा, आम्हाला त्यापायी दादाकडे एक दिवस जास्त राहावं लागलं, ह्यांची रजा गेली, माझी काही तक्रार नाही.