शिवणयंत्रावरची मान आणि पाच योगवर्ग

गेली २७ वर्षं मी पुण्यात, नारायण पेठेत ब्लाउज शिवते. लग्नसराईत दिवसाचे दहा तास मान खाली असते. २०२२ च्या उन्हाळ्यात उजव्या हाताला बोटांपर्यंत मुंग्या यायला लागल्या. डॉक्टरांनी एक्स-रे बघून मानेच्या मणक्यांत झीज असल्याचं सांगितलं. त्याच वर्षी आषाढात आई गेली. दिवसा मान दुखायची आणि रात्री झोप यायची नाही. ही दोन दुखणी घेऊन योगवर्ग शोधायला निघाले, तर जाईन तिथे पहिला प्रश्न एकच : फिटनेससाठी हवंय की अध्यात्मासाठी? एका ठिकाणी फॉर्मवर तसे दोन चौकोनच छापलेले होते. मी दोन्हींत खूण केली, तेव्हा टेबलामागची मुलगी म्हणाली, "ताई, एकच करा. बॅच त्यावरून ठरते."

तीन वर्षांत पाच वर्ग केले. वर्गांची नावं देत नाही, कारण शिक्षक बदलतात, जागा बदलतात. मला पद्धतींबद्दल सांगायचंय, आणि ते पैसे मोजून, अंगावर घेऊन बघितलेलं आहे.

पहिला पॉवर योगा, जिमच्या वरच्या मजल्यावर. महिना २,५०० रुपये, समोर आरसा, मोठ्या आवाजात गाणी, एका वेळी चाळीसेक जण. दोन महिन्यांत माझं चार किलो वजन उतरलं आणि जिना चढताना लागणारी धाप गेली, हे मान्य करायलाच हवं. पण शिक्षक स्टेजवर आमच्याकडे पाठ करून उभा. दंड घातल्यासारखं खाली जाताना माझे खांदे कानाला टेकतात, हे त्याला दिसणार कसं? मुंग्या वाढल्या, मी थांबले. शेजारची चोविशीतली मुलगी तिथे अजून जाते आणि तिची तब्येत उत्तम आहे.

एक गोष्ट मात्र तिथे मला लागली : सूर्यनमस्कार नुसते आकडे मोजत घालायचे. आजोबा औंध संस्थानातल्या शाळेत शिकलेले. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी शाळांमधून सूर्यनमस्कार रुजवले होते. आजोबा म्हातारपणीही पहाटे अंगणात नमस्कार घालायचे. मित्राय नमः, रवये नमः, सूर्याय नमः, प्रत्येक नमस्काराला सूर्याचं एकेक नाव. घाम यायचाच, छाती भरायचीच, पण आकड्याच्या जागी नाव असायचं. त्यांना कुणी विचारलं असतं की हा व्यायाम की उपासना, तर प्रश्नच कळला नसता.

दुसरा वर्ग अष्टांग विन्यासाचा. म्हैसूरच्या पट्टाभि जोइस यांनी जगभर नेलेली ही पद्धत. म्हैसूरहून शिकून आलेली एक तरुण मुलगी कर्वेनगरात गच्चीवर शिकवायची. आसनांचा क्रम ठरलेला, रोज तोच. प्रत्येक आसनात पाच श्वास आणि नजर कुठे ठेवायची तेही ठरलेलं. अमावास्या-पौर्णिमेला सुट्टी. गाणी नाहीत, गच्चीवर फक्त श्वासांचा आवाज. सगळे सांगतात की सर्वांत कसरतीची पद्धत हीच, आणि नेमकं इथेच पहिल्यांदा माझं मन गप्प झालं. क्रम पाठ झाला की पुढे काय हा विचार उरत नाही. आई गेल्यापासून हॉस्पिटलमधला तिचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता. त्या गच्चीवर एके सकाळी अर्धा तास तो आला नाही.

पण आठवड्याचे सहा दिवस आणि सगळा भार मनगटांवर. मनगट हे माझं पोट आहे. पाचव्या आठवड्यात उजवं मनगट सुजलं, आणि त्या मुलीनेच सांगितलं, "काकू, तुमच्या कामाला हे झेपणार नाही. आग्रह नका धरू." उरलेल्या महिन्याचे पैसे तिने न मागता परत दिले. मनगटं धड असतील, वय तिशीच्या आत-बाहेर असेल आणि रोज पहाटे उठायची शिस्त असेल, तर मी डोळे मिटून याच वर्गाचं नाव सांगेन.

तिसऱ्याबद्दल लिहायला जड जातं. "कुंडलिनी जागृती" (कुंडलिनी म्हणजे मणक्याच्या तळाशी निजलेली मानतात ती शक्ती) असं दोन दिवसांचं शिबिर होतं, मुळशीच्या बाजूला एका फार्महाउसवर, ६,५०० रुपये. इथे मी अध्यात्माच्या चौकोनात खूण केली होती. आसनं जवळजवळ नव्हतीच. जोरजोरात श्वास, अंधार, घंटा, मग एकेकाने उठून मनातलं सांगायचं. मी आईबद्दल बोलले. तिथल्या गुरूंनी सगळ्यांसमोर सांगितलं की माझी मान दुखते कारण मी आईला सोडायला तयार नाही. घरी येईपर्यंत बसमध्ये मी रडत होते. मान दुखते कारण मी २७ वर्षं मान खाली घालून सुई बघते. दुःखात असलेल्या माणसाला त्याच्या दुखण्याचं खापर त्याच्याच डोक्यावर फोडून परत पाठवणं याला मी अध्यात्म म्हणणार नाही. असल्या ठिकाणी जाऊ नका, आणि दुःख ताजं असताना तर मुळीच नको.

त्या रात्री आईची ज्ञानेश्वरी काढली. ती दर श्रावणात पारायण करायची, मी कधी लक्ष देऊन ऐकलं नव्हतं. सहावा अध्याय उघडला आणि थक्क झाले. माउली योगाबद्दल सांगतात ते कुठून सुरू करतात? बसायची जागा कशी असावी इथून. मग टाच कुठे टेकवायची, अंगाचा भार कुठे घ्यायचा, पाठीचा कणा, हनुवटी, पोट कसं आत ओढायचं. मुळबंध, जालंधर, उड्डियान हे बंध, म्हणजे अंग ठरावीक जागी आवळून धरणं, सगळं शरीरातलं, मोजूनमापून. कुंडलिनी येते ती या सगळ्यानंतर. आपल्या घराघरांतल्या सगळ्यांत अध्यात्मिक पोथीत टाच आणि मणका इतक्या बारकाईने असतील, तर फॉर्मवर ते दोन चौकोन छापले कुणी?

मग चौथा वर्ग, ज्यासाठी हे सगळं लिहितेय.

एरंडवण्यात एका जुन्या सोसायटीच्या तळमजल्यावरचा हॉल. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी साडेसहा ते आठ, महिना १,२०० रुपये. भिंतीत लोखंडी कड्या, कड्यांना दोर. कोपऱ्यात लाकडी विटा, पट्टे, पाठ काढून टाकलेल्या लोखंडी घडीच्या खुर्च्या, ज्याने-त्याने आणून ठेवलेल्या चादरींचा ढीग. शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या, अय्यंगार गुरुजींच्या संस्थेत शिकलेल्या. बी.के.एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात योग शिकवायला आले ते इथलेच झाले. मॉडेल कॉलनीतली त्यांची संस्था १९७५ ची, पत्नी रमामणी यांच्या नावाने उभी केलेली. मी पुण्यात जन्मले, त्या बाजूला गिऱ्हाइकांकडे मापं घ्यायला शंभरदा गेले असेन, पण आत काय शिकवतात हे कधी विचारलं नव्हतं.

पहिल्या दिवशी दीड तासात फक्त ताडासन, त्रिकोणासन आणि शवासन. मी नुसती उभी होते. बाई हॉलच्या त्या टोकाहून म्हणाल्या, "उजवा खांदा खाली आणि पुढे. काय काम करता?" शिवणकाम म्हटल्यावर जवळ आल्या, माझ्या खांद्याचं पातं दोन बोटांनी आत दाबलं आणि म्हणाल्या, "हे इथे राहायला हवं. बाकी सगळं नंतर." गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की मला त्याचा उतरता खांदा टेप लावायच्या आधी दिसतो. एका मुंढ्याला अर्धा इंच कमी धरते आणि बोलत नाही. माझा खांदा मात्र इतक्या वर्षांत कुणी बघितला नव्हता.

त्रिकोणासनात माझा हात जमिनीला पोचायचा, पण त्यासाठी मी कंबर वाकडी करायचे. बाईंनी हाताखाली वीट ठेवली. हात वर आला आणि बरगड्या उघडल्या. सर्वांगासनाला चादरींच्या घड्या खांद्यांखाली अशा रचायच्या की मान घडीच्या कडेबाहेर मोकळी राहते. घडी वेडीवाकडी असेल तर बाई उलगडून परत घालायला लावतात. लोक वैतागतात. मला मात्र तिथेच विश्वास बसला. अस्तर सुरकुतलं तर वरचं कापड कितीही भारी असो, फिटिंग बसत नाही.

शीर्षासन मला आजतागायत दिलेलं नाही. एक्स-रे बघितला आणि सरळ नाही म्हणाल्या. त्याऐवजी डॉक्टरांना विचारून मग दोरांवर उलटं टांगलं. मांड्यांच्या मुळाशी दोर, डोकं अधांतरी, मानेवर काडीचाही भार नाही. पहिल्या दिवशी भीतीने हात सुटत नव्हते. आता ती माझी आवडती पाच मिनिटं आहेत. चौथ्या महिन्यात मुंग्या कमी झाल्या, वर्षाच्या आत जवळजवळ गेल्या. सगळं श्रेय वर्गाला देत नाही. मशीनचं टेबलही त्याच सुमाराला तीन इंच उंच करून घेतलं होतं.

उणिवाही सांगते. साडेसहाला दार लागतं, सहा पस्तीसला आलात तर घरी जा. बाई ओरडतात, वय बघत नाहीत. वजन कमी करायला आलेल्यांची निराशा होते, माझंही तिथे एक किलो उतरलेलं नाही. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात उभी आसनं, दुसऱ्यात पुढे वाकायची, तिसऱ्यात मागे वाकायची, चौथ्यात निवांत आसनं. एक आठवडा चुकला की साखळी तुटते. प्राणायामाला मला वर्ष थांबावं लागलं. ध्यानासाठी म्हणून आलेले दोघंतिघं तिसऱ्या महिन्यात गेले, इथे नुसतं शरीरच आहे म्हणून.

ते आणखी थोडं थांबायला हवे होते असं मला वाटतं. सातव्या महिन्यात, चौथ्या आठवड्यातली एक सकाळ. सेतुबंध, म्हणजे उताणं पडून कंबर उचललेली, कंबरेखाली वीट, पाय पट्ट्याने बांधलेले, आठ मिनिटं. बाई मध्येच म्हणाल्या, "स्थिर झालात? आता सुख आहे का बघा. दात आवळलेत म्हणजे नाही." मी दात सोडले. आणि आईचे हात दिसले. सलाइनची सुई टोचलेले नव्हेत, काजं करतानाचे. माझ्या दुकानातली सगळी हातशिलाई शेवटपर्यंत तीच करायची. डोळ्यांतून पाणी कानात उतरलं. बाईंनी बघितलं, काही बोलल्या नाहीत, डोळ्यांवर पट्टी टाकून पुढे गेल्या. मुळशीला माझ्या दुःखाचा अर्थ लावून दिला होता. इथे खांदा जागेवर बसवला आणि दुःखाला त्याच्या वेळेने येऊ दिलं.

वर्ग सुटल्यावर मी बाईंना विचारलं, हे असं का होतं. त्या म्हणाल्या, पतंजलींनी आसनाबद्दल फक्त तीन सूत्रं लिहिली. पहिलं स्थिरसुखमासनम्, स्थिर आणि सुखाचं ते आसन. दुसऱ्यात प्रयत्न सैल होणं, तिसऱ्यात थंडी-ऊन, सुख-दुःख अशा द्वंद्वांचा आघात न होणं. "पहिल्यावरच माझी चाळीस वर्षं गेली," म्हणाल्या आणि चादरी मोजायला लागल्या.

पाचवा वर्ग अजून चालू आहे, शनिवारी संध्याकाळी गणपतीच्या देवळाच्या सभामंडपात. एक निवृत्त गृहस्थ मुंगेरच्या बिहार स्कूल ऑफ योगच्या पद्धतीने शिकवतात, फी नाही, देवळाच्या पेटीत यथाशक्ती. आधी पवनमुक्तासन मालिकेतल्या सांध्यांच्या हालचाली : बोटं मिटा-उघडा, मनगट वर-खाली, मनगट गोल, कोपर, खांदा. मग अर्धा तास योगनिद्रा. उताणं पडायचं, मनात एक संकल्प धरायचा आणि आवाज सांगेल तसं लक्ष अंगावरून फिरवायचं, उजव्या हाताच्या अंगठ्यापासून. झोपायचं नाही असं ते दर वेळी सांगतात. पहिले दोन महिने मी दर वेळी झोपले. त्यांनी कधी उठवलं नाही. रात्रीची झोप मला या वर्गाने परत दिली. पंचाहत्तरीच्या बायका तिथे सतरंजीवर आरामात हे सगळं करतात. घाम गाळायचा असेल तर तिथे काही मिळणार नाही. पण बोटांच्या आणि मनगटांच्या त्या हालचाली मी आता दर दोन तासांनी मशीन थांबवून करते, आणि दुकानातल्या दोन्ही मुलींनाही करायला लावते.

मापं द्यायला येणाऱ्या बायका आता मला विचारतात, कुठला वर्ग लावू. मी फिटनेस की अध्यात्म असं विचारत नाही. कुठे दुखतं, झोप लागते का, आठवड्यात किती सकाळी मोकळ्या आहेत, एवढं विचारते. आणि सांगते की फी भरायच्या आधी एक दिवस कोपऱ्यात बसून शिक्षकाकडे बघा. तो स्वतःची आसनं दाखवतोय की समोरच्याचे पाय बघतोय?

एरंडवण्याच्या वर्गाला नवीन माणसं दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी घेतात. सव्वासहाला पोचा, काही न खाता. विटा, पट्टे तिथे मिळतात, चादरी आपल्या न्याव्या लागतात. दोन सोलापुरी चादरी घ्या, सुती, जाड, आधी एकदा धुऊन. मऊ लोकरीचं ब्लँकेट नेऊ नका. त्याची घडी दबते, आणि बाई परत घालायला लावतात.