बेळगावात थेरपिस्ट शोधताना: काही महिन्यांनंतरचा अनुभव

माझा त्रास पॅनिक अटॅकचा. टिळकवाडीत रेल्वे गेट पडलं, मागंपुढं गाड्या अडकल्या की छातीत धडधड, हाताला मुंग्या, आता काही आपलं खरं नाही असं वाटायचं. ईसीजी, थायरॉइड सगळं नॉर्मल. मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्यांनी झोप लागायला लागली, पण त्यांच्या ओपीडीच्या गर्दीत बोलणं कुठलं व्हायला? थेरपी सोबत घ्या, असं त्यांनीच सुचवलं.

बेळगावात कोण कुणाकडं जातंय हे गल्लीभर कळतं. क्लिनिकच्या बाकावर सासरचं कोणीतरी भेटणारच. म्हणून आधी पुण्याच्या एका बाईंकडं ऑनलाइन सुरू केलं. बोलणं मायाळू, मराठी शुद्ध. मन मोकळं व्हायचं, रडू यायचं, हलकं वाटायचं. आणि गेटवर परत तेच. शिवाय एकत्र कुटुंबात दार लावून मोबाइलपुढं बसलं की बाहेरून हाक आलीच, "चहा ठेवू काय गं?" उपचार पुढं कसे जाणार विचारलं तर उत्तर गोलगोल. बाई वाईट नव्हत्या. ज्याला ऐकून घेणारं माणूसच नाही, त्याला त्या चांगल्या. मला एका ठरावीक त्रासावर काम करणारं माणूस पाहिजे होतं.

मध्ये एका समुपदेशकांकडंही जाऊन आले. भिंतभर सर्टिफिकिटं, आणि सल्ला काय, तर कुलदेवतेला जाऊन या! आपल्याकडं समुपदेशक अशी पाटी कुणीही लावतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला मात्र भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते. तो नंबर मागायला लाजू नका. ही मंडळी गोळ्या लिहून देत नाहीत, ते काम मानसोपचारतज्ज्ञांचं.

सध्याच्या मॅडम अशाच नोंदणीच्या. घरची भाषा कन्नड, मराठी आपली बेळगावी. पहिल्या फोनवरच मी विचारून घेतलं: पॅनिकचे पेशंट बघता काय, पद्धत कुठली, फरक पडला की नाही हे कधी तपासणार, घरच्यांना सांगणार काय? सरळ उत्तरं मिळाली. पद्धत सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी तपासून बदलायची थेरपी, आणि जिवाला धोका असल्याशिवाय इथलं बोलणं बाहेर जाणार नाही.

एका सेशनला त्यांनी मला जिना भराभर चढ-उतर करायला लावला. धाप लागली, काळीज उडायला लागलं, मी कठड्याला धरून उभी. त्या शेजारी घड्याळ घेऊन. "धडधडायलंय नव्हं? थांबवू नका. बघूया की किती वेळ धडधडतंय." काही मिनिटांत आपोआप उतरलं. मग वहीत लिहायचं: काय होईल वाटलं होतं, काय झालं. मी "हार्ट फेल" लिहिलं होतं, समोर "घाम आला". पुढं हेच गेटवर. आधी नवऱ्याच्या गाडीवर मागं बसून, मग एकटीनं स्कूटी घेऊन.

तक्रारीही आहेत. संध्याकाळची वेळ मिळता मिळत नाही, त्यामुळं उद्यमबागेतल्या नोकरीतून अर्धी रजा टाकावी लागते. आयत्या वेळी अपॉइंटमेंट पुढं ढकलतात. पाऊण तासाचे ८०० रुपये, आणि वही भरली नाही तर शाळेतल्या बाईंसारखं बघतात. कुणाला हे रुचणार नाही, मला चाललं.

फी झेपत नसेल तर धारवाडचं डिमहान्स हे मानसिक आजारांचं हॉस्पिटल सरकारी आहे, बसनं जाऊन येण्यासारखं. रात्रीअपरात्री फारच घालमेल झाली तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा फोन मोफत आणि चोवीस तास चालू असतो. केंद्र सरकारनं २०२२ मध्ये सुरू केलाय. गोळ्या चालू असतील तर थेरपी जमली म्हणून आपल्या मनानं बंद करू नका. माझ्या डॉक्टरांनी विचारून विचारून हळूहळू कमी केल्यात, अर्धी अजून चालू आहे. मॅडमकडं आता महिन्यातून एकदा जाते. सासूबाईंना कळलंय, त्यांना त्यांच्या गुडघ्यासाठी पण तिथंच नंबर लावायचाय.